टक्क्यांची पट्टी

हजेरीच्या वहीत टक्क्यांचं वेगळंच, चांगलं भारदस्त नाव होतं, पण वही उघडणाऱ्याखेरीज ते कुणाला आठवत नसे. बाकी सगळ्यांचे ते टक्के. हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. कुणी खोलीत डोकावून "कुठवर आलं?" म्हणून विचारलं, की ते मान न वळवता सांगत, "सदतीस टक्के." वीस मिनिटांनी पुन्हा विचारलं तर, "एकेचाळीस." आवाजात ना घाई, ना खंत. नर्सने ताप सांगावा तसा आकडा सांगून मोकळे.

टक्के हलती चित्रं करत. पडद्यावर अक्षरं उडत येऊन जागेवर बसतात, नकाशावर बाण सरकतो, यंत्राचं पोट उघडून आतली चाकं फिरताना दिसतात, ती सगळी या जातीच्या माणसांची करणी. शाळा, कारखाने, दवाखाने अशांसाठी छोट्या माहितीपर फिल्म बनवणाऱ्या एका कंपनीत ते बावीस वर्षं हेच करत आले होते. कंपनी तिसऱ्या मजल्यावर, माणसं अकरा, आणि टक्क्यांची खोली बोळाच्या अगदी टोकाला. खोलीत एक संगणक, शेजारच्या इमारतीच्या पाइपांकडे उघडणारी एक खिडकी आणि खुर्च्या दोन. दुसऱ्या खुर्चीला खोलीत तसं काहीच काम नव्हतं, पण तिचं बूड पहिल्या खुर्चीपेक्षा जास्त झिजलेलं होतं. असं का, ते सांगायचं तर आधी रेंडरचं सांगायला हवं.

या कामात कलाकार चित्राचे थर एकावर एक रचतो, काचांसारखे. एका काचेवर भिंत, दुसरीवर माणूस, तिसरीवर अक्षरं. कुठल्या काचेने कधी आणि कसं हलायचं ते ठरवतो आणि बटण दाबतो. मग संगणक त्या सगळ्या काचांतून आरपार बघत एकेक चित्र पक्कं करत बसतो, फिल्मच्या एका सेकंदाला पंचवीस चित्रं. यालाच रेंडर म्हणतात. संगणकाचं हे चाललेलं असताना माणसाला काही काम नसतं. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते आणि माणूस तिच्याकडे बघत बसतो.

इतरांची पट्टी अर्ध्या तासात पोचे, फार तर तासात. टक्क्यांची सहा तास घेई, आठ घेई. एकदा सोमवारी निघालेली पट्टी बुधवारी दुपारी पोचली होती, आणि मुलगी बोर्डात पहिली यावी अशा थाटात टक्के ती गोष्ट सांगत.

तर या सहा-आठ तासांत टक्के मोकळे असत, आणि सबंध मजल्यावर कामाच्या वेळी मोकळा असलेला तो एकच माणूस होता. म्हणून लोक दुसऱ्या खुर्चीवर येऊन बसत. स्वागतकक्षातली ताई मुलीचं कॉलेज ठरेना म्हणून यायची. रेकॉर्डिंग बघणारा, ज्याला सगळे आवाजवाला म्हणत, तो वडिलांचं रडगाणं घेऊन यायचा. वडिलांना ऐकू येत नव्हतं आणि कानाचं यंत्र ते कपाटात ठेवत. कुणी चष्म्याची काडी घेऊन येई, कारण टक्क्यांच्या खणात बारीक स्क्रूड्रायव्हर होते. टक्के काडी बसवता बसवता ऐकत. सल्ला मात्र ते देत नसत. मधूनच एखादा साधा प्रश्न विचारत, आणि माणूस उठताना बहुधा काहीतरी ठरवून उठे. बावीस वर्षांत त्या खुर्चीवर दोन लग्नं जमली होती आणि एक मोडता मोडता राहिलं होतं.

रेंडरला एवढा वेळ का लागतो, असं विचारलं तर टक्क्यांचं उत्तर तयार असे, "काम मुरावं लागतं." मालकीणबाईंनी चार वर्षांपूर्वी त्यांना नवा, दणकट संगणक आणून दिला होता. पहिला आठवडा पट्टी पळाली. मग टक्क्यांना चित्रात थोडं धुकं घालावंसं वाटलं. मग सावल्या. मग सावल्यांना मऊ कडा. घरात जागा झाली म्हणून पाहुणे बोलवावेत आणि पुन्हा जमिनीवर झोपायची पाळी यावी तसं झालं. महिन्याभरात पट्टी पूर्वपदावर आली आणि टक्केही.

अशा सुरळीत चाललेल्या संसारात बातमीबाई आल्या.

बातमीबाई म्हणजे नव्या सहकारी. वयाने टक्क्यांपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. अठरा वर्षं बातम्यांच्या वाहिनीवर ग्राफिक्स करून आलेल्या. तिथे पूर आला तर पुराचा नकाशा दहा मिनिटांत पडद्यावर लागायचा, त्यामुळे बाईंच्या अंगात दहाच मिनिटं भिनली होती. त्या उभ्यानेच डबा खात, जिना उतरताना एक पायरी गाळत, आणि दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत मान डोलावत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी टक्क्यांच्या पडद्यावर बारा टक्के बघितले, जेवून आल्या, तेरा बघितले, आणि विचारलं, "तुमची फाइल जरा आतून बघू का?"

कुणी येऊन 'तुमचं कपाट उघडून बघू का' म्हणावं तसा टक्क्यांचा चेहरा झाला. नको म्हणाले नाहीत, तेवढी सभ्यता होती. आत्ता रेंडर चालू आहे, संपल्यावर बघू, म्हणाले. टक्क्यांचं रेंडर संपणं म्हणजे काय ते बाईंना अजून माहीत नव्हतं.

पण घोडं शेवटी अडलं ते डोळ्यांच्या दवाखान्याच्या फिल्मवर.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कशी होते ते पेशंटला आधीच दाखवावं, म्हणजे त्याची भीती जाईल, अशी तिथल्या डॉक्टरीणबाईंची कल्पना. दवाखान्याचा नवा प्रतीक्षाकक्ष शुक्रवारी उघडणार होता आणि तिथल्या भिंतीवर ही चार मिनिटांची फिल्म लागायची होती. टक्क्यांनी तीत जीव ओतला. डोळा असा केला की ओलावा जाणवावा. पांढऱ्यावरच्या बारीक लाल शिरा त्यांनी एकेक करून काढल्या, एकशे चाळीस. बुधवारी फिल्म गेली. गुरुवारी सकाळी साडेनऊला मालकीणबाई स्वतः बोळाच्या टोकापर्यंत चालत आल्या, तेव्हाच टक्के समजले.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म दोन पेशंटना दाखवून पाहिली होती. एकाने डोळे मिटून घेतले. दुसरा फिल्म संपायच्या आत चप्पल घालून घरी गेला. दोघांचंही म्हणणं एकच, फार लाल आहे. तेव्हा सगळा लाल रंग उतरवायचा, शिरा अगदी फिक्या करायच्या, आणि फिल्म दुपारी तीनपर्यंत हवी, कारण चारला माणूस येऊन ती भिंतीवर चढवणार होता.

रंग बदलणं पंधरा मिनिटांचं काम होतं. टक्क्यांनी ते केलं, बटण दाबलं, आणि संगणकाने अंदाज सांगितला: नऊ तास दहा मिनिटं.

मालकीणबाईंनी पट्टीकडे बघितलं, मग दुसऱ्या खुर्चीकडे, आणि बातमीबाईंना हाक मारली.

बाई खुर्ची ओढून बसल्या आणि फाइल उघडली. तीनशे शहाऐंशी थर. बाईंनी मोजून पाहिलं, प्रत्यक्ष पडद्यावर दिसत होते जेमतेम पावणेदोनशे, आणि त्यांतल्या एकशे चाळीस तर शिराच. उरलेल्यांपैकी काही टक्क्यांनी बंद करून ठेवलेले होते, त्यांचा त्रास नव्हता. पण शंभरएक थर चालू होते आणि दुसऱ्या थराच्या मागे पूर्ण झाकले गेले होते. संगणक बिचारा ते इमानेइतबारे रंगवत होता आणि मग त्यावर भिंत ओढत होता, सेकंदाला पंचवीस वेळा.

"हे धुकं," बाई म्हणाल्या, "हे या भिंतीच्या मागे आहे. कुणाला दिसतं?"

"कुणालाच नाही," टक्के म्हणाले. "पण मला माहीत असतं ना, की ते आहे."

बाईंनी अठरा वर्षांत पुष्कळ उत्तरं ऐकली होती, हे नव्हतं ऐकलं. मग धुकं बंद केलं. टक्क्यांनी खिडकीबाहेरच्या पाइपांकडे बघितलं.

पुढचा तासभर असाच गेला. पापणीच्या केसाचा एक फोटो निघाला, सबंध भिंत झाकेल एवढा मोठा, आणि फिल्ममध्ये तो दिसत होता नखाएवढा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. बाईंनी तो लहान करून बसवला. एकशे चाळीस शिरांना टक्क्यांनी एकशे चाळीस वेळा वेगवेगळा धूसरपणा दिला होता. बाईंनी त्या सगळ्या एका गटात बांधल्या आणि गटाला एकदाच धूसर केलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून टक्क्यांना फरक दाखवायला सांगितला. टक्क्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि फरक आहे पण सांगता येत नाही, असं कबूल केलं. मागची भिंत चार मिनिटांत एकदाही हलत नव्हती, तरी संगणक ती दर वेळी नव्याने बांधत होता. बाईंनी तिचं एकच पक्कं चित्र करून ठेवलं. सॉफ्टवेअर स्वतःचं अर्धंमुर्धं काम पुन्हा करावं लागू नये म्हणून एका जागी साठवतं, ती जागा चार वर्षांच्या जुन्या फिल्मांनी ठासून भरलेली होती. तीही रिकामी झाली.

शेवटी बाईंनी विचारलं की मूळ चित्रं आहेत कुठे. टक्क्यांनी सांगितलं, तळमजल्यावरच्या सामायिक डिस्कवर, नियम आहे तसा. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी संगणक तीन मजले खाली जात होता आणि तीन मजले वर येत होता. त्यांच्या स्वतःच्या संगणकात एवढी मोठी वेगवान डिस्क होती, चार वर्षं जवळजवळ कोरी. टक्क्यांनी तिच्यात फक्त चष्म्याच्या दुकानांचे पत्ते ठेवले होते.

अकरा वाजून वीस मिनिटांनी बाईंनी बटण दाबलं. संगणकाने थोडा विचार केला आणि अंदाज सांगितला: अडतीस मिनिटं.

टक्के पट्टीकडे बघत होते. ती सरकताना दिसत होती. बावीस वर्षांत, नव्या संगणकाचा तो पहिला आठवडा सोडला तर, पट्टी सरकताना त्यांनी कधी पाहिली नव्हती; ती सरकलेली असायची, एवढंच त्यांना ठाऊक. बारा वाजायला दोन मिनिटं असताना फिल्म हातात होती. मालकीणबाईंनी ती पाहिली, पुन्हा पाहिली आणि दवाखान्यात पाठवून दिली. मग जाता जाता सहज बोलावं तसं म्हणाल्या, "म्हणजे टक्के, काम मुरत नव्हतं. नुसतं पडून होतं."

डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, छान आहे, कुणी पळालं नाही.

टक्के तसे खिलाडू वृत्तीचे. बाईंनी शिकवलेलं सगळं त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि आठवडाभरात त्यात हात बसवला. त्यांच्या फाइली कात्री लावल्यासारख्या सुटसुटीत झाल्या. पट्ट्या वीस मिनिटांत, पंचवीस मिनिटांत पोचू लागल्या. आणि मग जे व्हायचं ते झालं. मालकीणबाई आता दिवसाला एकाऐवजी तीन कामं पाठवू लागल्या. आवाजवाला दारात आला की टक्के कामात असत. "कुठवर आलं?" विचारायच्या आत "झालं" असं उत्तर येई. ताई दोनदा येऊन उभी राहिली आणि "नंतर येते" म्हणून गेली. ते नंतर काही उगवलं नाही. पंधरवड्यात दुसऱ्या खुर्चीवर कुणीतरी वायरींचं भेंडोळं ठेवलं, आणि ते हलवावं असं कुणाला वाटलं नाही.

घरी त्याहून पंचाईत. पूर्वी टक्के आठला पोचत, आता सहाला दारात उभे. सहा ते आठ ही त्यांच्या बायकोची पत्त्यांची वेळ होती. तिच्या तीन मैत्रिणी येत, डाव रंगे, घरात मोठमोठ्याने हसणं चाले. टक्के आले की मैत्रिणी सावरून बसत आणि हळू बोलत. चौथ्या दिवशी बायकोने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. आवाज चढवला नाही, तो तिचा स्वभावच नव्हता.

"अहो, तुमचं मशीन बरं झालं, आनंद आहे," ती म्हणाली. "आता तुमचं काय करायचं ते सांगा."

टक्के म्हणाले, विचार करतो. आणि खरोखरच त्यांनी विचार केला. दुर्दैवाने एकट्याने केला.

तीन दिवस, हातातली कामं उरकून झाल्यावर, टक्के स्वतःसाठी एक फिल्म करत होते. फिल्म होती एका पट्टीची. तीच निळी पट्टी, खाली टक्क्यांचा आकडा, वर सॉफ्टवेअरचं नाव, हुबेहूब खिडकी. लांबी एक तास. शून्यापासून निघायची आणि शंभरावर पोचायची. ती सबंध पडद्यावर लावली की बघणाऱ्याला वाटावं, रेंडर चालू आहे. पट्टीच्या कडेला त्यांनी अगदी किंचित चमकही दिली. आणि कुणाला दिसणार नाही असं थोडं धुकं मागे घातलंच.

सोमवारी तीन वाजता दिवसाचं काम संपवून टक्क्यांनी पट्टी लावली, वायरींचं भेंडोळं खाली ठेवलं आणि दार उघडं टाकून बसले. सव्वातीनला आवाजवाला जाता जाता डोकावला. "पंचवीस टक्के," टक्के म्हणाले. आवाजवाल्याचा चेहरा असा उजळला की टक्क्यांना लाज वाटली. तो आत येऊन बसला आणि त्याने वडिलांचं राहिलेलं सगळं सांगितलं. वडील हल्ली फोनच उचलत नाहीत, म्हणे; ऐकू येत नाही हे कळू नये म्हणून. टक्क्यांनी विचारलं, ते यंत्र कायम कपाटात ठेवतात की फक्त कुणी आलं म्हणजे ठेवतात. आवाजवाला म्हणाला, "एकटे असताना घालत असतील. मी कधी विचारच केला नाही." आणि उठला.

मंगळवारी ताई आली. बुधवारी तर दोघंजण एकामागून एक. टक्के खुशीत होते, पण चोराच्या मनात चांदणं. बोळात बुटांचा आवाज झाला की ते पाठ ताठ करून पट्टीकडे गंभीरपणे बघत, आणि खऱ्या रेंडरकडे त्यांनी असं कधीच बघितलं नव्हतं.

गुरुवारी बातमीबाई कसलासा कागद द्यायला आल्या. कागद ठेवला, पडद्याकडे बघितलं, जायला निघाल्या आणि दारातून मागे आल्या.

"टक्के, ही पट्टी तुम्ही केलीत."

टक्क्यांनी तो कागद उचलून खणात टाकला.

"खरी पट्टी एवढी गुणी नसते हो," बाई म्हणाल्या. "ती अडते, मग उडी मारते, नव्व्याण्णववर जाऊन फतकल मारते. तुमची परेडला निघाल्यासारखी चाललीये. आणि मंगळवारी मी पावणेचारला इथून गेले तेव्हाही पंच्याहत्तर, आजही पावणेचारला पंच्याहत्तर." मग जरा वाकून बघत, "चमक छान जमलीये," असं म्हणून त्या गेल्या.

बाई कुणाला सांगणार नाहीत याची टक्क्यांना खात्री होती, आणि त्यामुळेच रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पूर्वी ते खोटं बोलत नव्हते. पट्टी खरोखरच तेवढी हळू होती, त्यात त्यांचा गाढवपणा असेल, लबाडी नव्हती. ही लबाडी होती. बायकोने काय झालं विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता एकदा हसली, मग हसू आवरून म्हणाली की मालकीणबाईंना सांगून टाका, आणि उद्या सकाळीच सांगा, नाहीतर सांगायची पण फिल्म कराल.

शुक्रवारी सकाळी टक्के मालकीणबाईंच्या खोलीत जाऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं, पट्टी, ती करण्यात घालवलेले तीन दिवस, खुर्ची. लोक येऊन बोलतात तेवढा वेळ त्यांना हवा होता, आणि तो मागण्यासारखा आहे असं वाटलं नाही, म्हणून चोरला, असं म्हणाले.

मालकीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चष्म्याची डावी काडी टक्क्यांनीच दोनदा बसवली होती.

"एक तासाची फिल्म केलीत," त्या म्हणाल्या, "एक वाक्य बोलायला नको म्हणून. मला विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते का?"

"म्हणाला असतात, असं वाटलं."

मालकीणबाईंनी यावर जरा विचार केला. "कदाचित म्हणालेही असते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही तरी काखेत कळसा घेऊन तीन दिवस गावभर फिरलात." मग त्यांनी ठरवून टाकलं. रोज साडेतीन ते सव्वाचार टक्क्यांकडे काम पाठवायचं नाही. त्या वेळात त्यांनी काय करायचं ते त्यांनी बघावं. ती पट्टी मात्र पुसायची. आणि पुसण्याआधी मालकीणबाईंना एकदा दाखवायची.

सोमवारी साडेतीनला टक्क्यांनी पडदा बंद केला आणि बसले. काळ्या पडद्यासमोर त्यांना फार उघडं वाटलं. कुणी आलं नाही. पट्टी चालू असताना लोक येत, कारण टक्के तसेही अडकलेले आहेत असं त्यांना वाटे. मोकळ्या बसलेल्या माणसाकडे जायचं म्हणजे आपल्याला काहीतरी हवंय हे कबूल करणं आलं. मंगळवारीही कुणी नाही. टक्क्यांनी दोन दिवसांत खणातले सगळे स्क्रूड्रायव्हर उंचीप्रमाणे लावले.

बुधवारी आल्या त्या बातमीबाई. डबा हातात, उभ्याच. बसायचं म्हणून खुर्चीच्या कडेला टेकल्या, जणू कुणी उठवायला येणारच आहे. बराच वेळ कामाचं बोलल्या. मग एकदम म्हणाल्या की त्यांच्या धाकट्या बहिणीशी त्यांचं सहा वर्षं बोलणं नाही. भांडणाचं कारणही आता धड आठवत नाही. बहिणीने फोन केला तेव्हा वाहिनीवर पुराची बातमी चालू होती, दहा मिनिटांनी करते असं बाई म्हणाल्या होत्या, आणि ते राहून गेलं. मग बहिणीने रागाने काहीतरी लिहून पाठवलं. मग बाईंनी.

टक्क्यांनी ऐकून घेतलं. मधे एकदा खण उघडला आणि हाताला काही काम सापडेना म्हणून पुन्हा लावला.

"पूर कुठे आला होता?" त्यांनी विचारलं.

"तिच्याच गावात," बाई म्हणाल्या.

खिडकीबाहेरच्या पाइपांतून पाणी वाहून गेल्याचा आवाज आला. बाई डब्याच्या झाकणाकडे बघत बसल्या. सव्वाचार वाजून गेले तरी टक्क्यांनी तसं सांगितलं नाही. शेवटी बाई उठल्या, डबा खुर्चीवरच विसरून बोळातून जिन्याकडे गेल्या, आणि पहिल्यांदाच एकही पायरी न गाळता, हळूहळू उतरत त्यांनी फोन कानाला लावला.